जॉकी पंप सारखा चालू-बंद होतोय? खटका बंद करण्याआधी हे बघा

जानेवारी आणि जुलै जवळ आले की सोसायट्यांचे, हॉस्पिटलांचे, मंगल कार्यालयांचे फोन सुरू होतात. फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) द्यायचा असतो, पाहणी करून घ्यायची असते. बोलणं संपता संपता एक वाक्य हमखास येतं: "बाकी सगळं ठीक आहे हो, फक्त तो छोटा जॉकी पंप सारखा चालू-बंद होतो. खालच्या फ्लॅटवाल्यांना झोप नाही. म्हणून वॉचमनमामांना सांगून बंद करून ठेवलाय."

नांदेडपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत, जिथे जिथे स्प्रिंकलर (आग लागली की छतातून पाणी फवारणारी यंत्रणा) बसवलेत तिथे ही तक्रार आहे, आणि तिच्यावरचा उपायही सगळीकडे एकच. एजन्सीचा माणूस येतो, प्रेशर स्विचचा (दाब बघून पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) स्क्रू जरासा फिरवून देतो, आठ दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. पंक्चर न काढता रोज सकाळी टायरमध्ये हवा भरण्यातला हा प्रकार. पंपात बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. पाणी कुठूनतरी जातंय, म्हणून तो चालतोय. जाणारं पाणी सापडलं की पंप आपोआप गप्प होतो.

आधी खटका बंद ठेवल्याने काय होतं ते सांगतो, कारण ते एका रात्रीत होत नाही आणि म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. स्प्रिंकलरच्या लाईनमध्ये पाणी कायम दाबाखाली असतं. आग लागली, हेडमधला (छतातल्या पाण्याच्या तोटीतला) काचेचा बल्ब तापून फुटला, की पाणी पडायला लागतं, लाईनचा दाब उतरतो, आणि तो उतरलेला दाब प्रेशर स्विचला कळला की मोठा पंप चालू होतो. किरकोळ गळतीने उतरणारा दाब भरून काढायचा, म्हणजे मोठ्या पंपाला उगाच उठावं लागत नाही, एवढ्यासाठी जॉकी. तो बंद केला की दाब हळूहळू उतरत राहतो आणि पहाटे केव्हातरी मोठा पंप धडधडत चालू होतो. त्याचा आवाज तर पार चौथ्या मजल्यापर्यंत. मग तोही मॅन्युअलवर. आता दाब आणखी उतरला की डिझेल पंपाचं इंजिन उठतं, धुराने पार्किंग भरतं, लोक चपला न घालता खाली पळत येतात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी बॅटरीची वायर काढून ठेवतो. महिन्याभरात सगळी यंत्रणा भिंतीवरच्या लाल रंगापुरती उरते. आणि हे सगळं सुरू झालं ते एका गळक्या व्हॉल्व्हमुळे.

म्हणून पहिलं काम हे की पॅनल ऑटोवरच राहू द्या, आवाजाबद्दल लोकांना दोन-चार दिवस कळ काढायला सांगा, आणि घड्याळ घेऊन पंपरूममध्ये बसा.

सुई काय सांगते

घट्ट लाईनवर जॉकी दिवसात एक-दोनदा चालतो, कधी चालतही नाही. तासाला एकदा चालत असेल तर शोधाशोध सुरू करावी. दर पाच-दहा मिनिटांनी चालत असेल तर मोटारीचं वाइंडिंग आणि कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) दोन्ही जळायच्या वाटेवर आहेत. आकडा अंदाजाने सांगू नका. इलेक्ट्रिशियनला सांगून जॉकीच्या कॉन्टॅक्टरवर एक साधा काउंटर बसवून घ्या. फार खर्चाचं काम नाही, आणि "सारखा चालतो" याचा अर्थ प्रत्येक वॉचमनचा वेगळा असतो.

मग हेडरवरच्या (सगळे पंप जोडलेल्या मोठ्या पायपावरच्या) गेजकडे बघत राहा. पंप थांबल्यावर सुई कशी खाली येते, यावरच पुढचं सगळं ठरतं.

पंप थांबला रे थांबला की सुई झपकन खाली येते, पंप दोन-तीन सेकंद चालतो, पुन्हा थांबतो, पुन्हा झपकन खाली. अशा वेळी गळती मोठी असेलच असं नाही. एक तर प्रेशर स्विचचा चालू आणि बंद यांतला फरक फार कमी ठेवलेला असतो, अर्ध्या किलोचाही नसतो (गेजवरचा किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब). तो निदान एक किलोचा करा. नाहीतर हेडरवरची एअर व्हेसल (हवेची छोटी टाकी) पाण्याने भरून गेलेली असते. व्हेसलमध्ये थोडी हवा दाबून ठेवलेली असली की सुई सावकाश चढते-उतरते. ती हवा पाण्यात विरघळून संपली की जरासं पाणी गेलं तरी दाब कोसळतो. साधी, आत पडदा नसलेली व्हेसल असेल तर तिचा व्हॉल्व्ह बंद करायचा, खालचा ड्रेन उघडून पूर्ण रिकामी करायची, ड्रेन बंद करून व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. कितीतरी ठिकाणी एवढ्यावरच निम्मा त्रास जातो. पण निम्माच. सुई सावकाश उतरली तरी उतरतेय कशामुळे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

सुई झपझप पण एका लयीत उतरत असेल तर आधी पंपांच्या एनआरव्हीवर (पाणी मागे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवर) संशय घ्या. रात्रभर हळूहळू उतरत असेल तर बाहेरच्या लाईनवर.

आणि एक प्रकार खास आपल्या हवेचा. मार्च ते जून जॉकी फक्त संध्याकाळनंतर चालतो, दिवसभर गप्प असतो. दुपारी गच्चीवरची लाईन हाताला चटका बसेल इतकी तापते. आत कोंडलेलं पाणी फुगतं, त्याला जायला जागा नसते, आणि सकाळी सात किलोवर असलेली सुई दुपारी दहाच्या पुढे दिसते. रिलीफ व्हॉल्व्ह असेल तर तो थोडं पाणी सोडून देतो. नसेल तर तेच पाणी एखाद्या कमजोर पॅकिंगमधून वाट काढतं. सूर्य मावळल्यावर पाईप गार होतो, पाणी आक्रसतं, दाब सेटिंगखाली येतो आणि जॉकी चालतो. हे ओळखायचं असेल तर सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा, असं तीन वेळा गेज लिहून ठेवा. सुई उन्हाबरोबर चढून नंतर उतरत असेल आणि जॉकी रात्रीतून एक-दोनदाच चालत असेल, तर व्हॉल्व्ह उघडत बसण्यात अर्थ नाही. एअर व्हेसल नीट करा, गच्चीवरच्या लाईनला सावली किंवा इन्सुलेशन द्या, आणि रिलीफ व्हॉल्व्ह कितीवर उघडतो ते तपासा. तो सातवरच उघडत असेल तर दोष उन्हाचा नव्हे.

पाणी मागे जातंय की पुढे

इथून पुढे व्हॉल्व्ह बंद करावे लागतात, तेव्हा हे काम दिवसा करा. समितीला आणि सिक्युरिटीला आधी सांगा, खालच्या दुकानात वेल्डिंग किंवा कढईचं काम चालू असेल तर त्यांना थांबवा. जो व्हॉल्व्ह बंद कराल त्याच्या चाकाला लाल कापड बांधा आणि काम संपल्यावर कापडं मोजून घ्या. मला विचाराल तर वार्षिक पाहणीत सापडणारा सगळ्यात धोकादायक दोष म्हणजे कुणीतरी दुरुस्तीसाठी बंद केलेला आणि उघडायचा राहिलेला व्हॉल्व्ह. गळका व्हॉल्व्ह निदान आवाज तरी करतो.

जॉकी थांबल्याबरोबर त्याच्या डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करा. सुई जागेवर थांबली, तर पाणी जॉकीच्या एनआरव्हीतून मागे टाकीत जात होतं. उतरतच राहिली, तर तो उघडून मोठ्या इलेक्ट्रिक पंपाचा बंद करा, मग डिझेलचा. एका वेळी एकच. टेस्टिंगची लाईन, जी हेडरवरून परत टाकीत जाते, तिचा व्हॉल्व्ह जरासा उघडा राहिलेला असतो हे तर इतक्यांदा दिसतं की मी आधी टाकीचं झाकण उघडून कान देतो. पंप बंद असताना आत पाणी पडल्याचा आवाज आला की अर्धं काम झालं.

टाकी जमिनीखाली आणि पंप वर, अशी रचना असेल तर प्रायमिंगची (पंप पाण्याने भरलेला ठेवणारी) छोटी टाकी बघा. ती काही कारण नसताना ओसंडून वाहत असेल तर मोठ्या पंपाचा एनआरव्ही पाणी मागे सोडतोय. हाच प्रकार गच्चीवरही होतो. वरच्या टाकीतून रायझरला (मजले चढत जाणाऱ्या उभ्या पायपाला) जोड दिलेला असतो आणि मध्ये एनआरव्ही असतो. तो खराब झाला की जॉकी बिचारा खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवत बसतो. एका इमारतीत वरची फायरची टाकी बारा महिने काठोकाठ आणि ओव्हरफ्लोच्या पायपाखाली गच्चीवर शेवाळं. सगळे खूश, की एवढ्या टंचाईत आपली टाकी भरलेली! खाली जॉकी दर सात-आठ मिनिटांनी. गच्चीवरचा तो एक व्हॉल्व्ह बंद करून बघितला आणि सुई चिकटवल्यासारखी उभी राहिली.

एनआरव्ही उघडला की आत काय दिसतं ते सांगण्यासारखं आहे. झाकणाचे बोल्ट काढून फ्लॅप बोटाने उचला. ज्या कडेवर फ्लॅप टेकतो, ती पितळेची सीट गुळगुळीत हवी. आपल्याकडे बोअरचं पाणी भरलेलं असलं तर तिथे पांढरा, खरबरीत थर असतो, नख लावलं तर निघत नाही. त्यात गंजाची एखादी पोपडी अडकलेली, कधी लाईन जोडताना वापरलेल्या तागाचा धागा, एकदा तर वेल्डिंगच्या रॉडचा बोटाएवढा तुकडा. फ्लॅप त्यावर टेकतो आणि एका बाजूने केसाएवढी फट राहते. सात किलोच्या दाबाला तेवढी फट पुष्कळ झाली. थर पॉलिशपेपरने काढा, रबर असेल तर बदला, बिजागरीची पिन झिजली असेल तर पूर्ण व्हॉल्व्ह बदला. छिन्नी घालून थर खरवडू नका. सीटवर ओरखडा पडला की तो व्हॉल्व्ह कायमचा गेला.

बाहेरची लाईन

सगळे पंप हेडरपासून तोडले तरी सुई उतरते, म्हणजे पाणी इमारतीकडे जातंय. आता प्रत्येक रायझरचा, प्रत्येक झोनचा (लाईनच्या स्वतंत्र भागाचा) व्हॉल्व्ह आळीपाळीने बंद करायचा आणि दर वेळी तेवढाच वेळ, समजा वीस मिनिटं, सुई किती उतरली ते लिहायचं. कागदावर दोन रकाने पुरतात. ज्या झोनचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर सुई थांबली, गळती त्या झोनमध्ये. व्हॉल्व्ह स्वतःच पूर्ण बंद होत नसेल तर उत्तर फसवं येतं. म्हणून झोनच्या व्हॉल्व्हच्या पलीकडे गेज असेल तर तेही बघा: बंद केलेल्या भागाची सुई खाली आणि हेडरची जागेवर, तरच खात्रीने म्हणा.

झोन सापडल्यावर डोळ्यांनी शोधा. हेड सहसा गळत नाही. गळलं तर खाली डाग पडतो आणि लोक आधीच ओरडतात. पाणी जातं ते जिथे कुणी बघत नाही तिथून. झोनच्या टोकाला असलेला तपासणीचा व्हॉल्व्ह, ड्रेनचा व्हॉल्व्ह, जो डक्टमध्ये उघडतो आणि ज्याचं पाणी सरळ गटारात जातं. गच्चीवरचा एअर रिलीज व्हॉल्व्ह. जिन्यातल्या लँडिंग व्हॉल्व्हचं (होज जोडायच्या नळाचं) टोपण. होज रीलचा बॉल व्हॉल्व्ह, कारण कुणीतरी त्या पाण्याने गाडी धुतलेली असते आणि तो नीट बंद केलेला नसतो. गेटजवळचा फायर ब्रिगेडचा इनलेट (बंबाने लाईनमध्ये पाणी सोडायचं तोंड) जरूर बघा. त्याच्या टोपणातून थेंब पडत असतील तर त्यामागचा एनआरव्ही गेलाय.

पायपाच्या अंगावर सुईच्या टोकाएवढं भोक आणि त्याभोवती तांबूस ओघळ दिसला तर मात्र क्लॅम्प मारून विसरून जाऊ नका. क्लॅम्प आजचा दिवस काढायला ठीक. लोखंडी पाईप पाणी आणि हवा एकत्र असतील तिथे आतून सडतो, बहुतेक वेळा वरच्या अंगाला, जिथे हवेचा फुगा अडकून राहिलेला असतो, किंवा वेल्डच्या रेघेवर. एक तुकडा कापून घ्या आणि आत बघा. गंजाच्या गाठी असतील, गाठीखाली खड्डे असतील, तर पुढच्या पाच-दहा मीटरची अवस्था वेगळी नसणार.

इथे एका चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टीमुळे नुकसान होतं, ते बोलायलाच हवं. काही ठिकाणी "पाणी खराब होतं" म्हणून दर तीन महिन्यांनी सगळी लाईन रिकामी करून पुन्हा भरतात. लाईनमध्ये जुनं पाणी राहिलं की त्यातला ऑक्सिजन हळूहळू संपतो आणि गंज मंदावतो. प्रत्येक नव्या भरणीबरोबर तुम्ही ताजा ऑक्सिजन, टँकरचा गाळ आणि जिवाणू आत घालता. ड्रेन उघडल्यावर काळं, वास मारणारं पाणी आलं म्हणून घाबरू नका. पाणी पिण्याचं नाही. दुरुस्तीसाठी किंवा ठरलेल्या फ्लशिंगसाठीच लाईन रिकामी करा, आणि भरताना सगळ्यात उंच टोकाची हवा पूर्ण काढा. एअर व्हेसलमध्ये हवा हवी, पायपात नको.

पाण्यावरून आठवलं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो भाग हा. उन्हाळ्यात सोसायटीची घरगुती टाकी कोरडी पडते आणि शेजारी फायरची टाकी भरलेली दिसते, तेव्हा तिच्यात मोटार सोडायचा मोह कुणाला होणार नाही? मी त्यांना दोष देत नाही, पण त्याचा परिणाम जॉकीवर दिसतो. पातळी पंपाच्या सक्शनच्या (पाणी ओढणाऱ्या पायपाच्या) तोंडापर्यंत उतरली की पंप पाण्याबरोबर हवा ओढतो, दाब धड होत नाही, पंप तापतो. यावर उपाय पाईपजोडणीतच आहे. येणारं पाणी आधी फायरच्या टाकीत पडावं आणि ती भरल्यावर ओव्हरफ्लोने घरगुती टाकीत जावं, म्हणजे राखीव साठा हलत नाही आणि पाणीही खेळतं राहतं. नवीन इमारतीत हे आधीच करून घ्या. जुन्यातही बहुधा एका मधल्या भिंतीतल्या भोकाचं काम असतं.

सेटिंग आणि एक न चालणारा पंप

गळती काढल्यानंतरच प्रेशर स्विचला हात लावा. उदाहरणादाखल, जॉकी सहावर चालू आणि सातवर बंद, मोठा इलेक्ट्रिक पंप पाचवर चालू, डिझेल चारवर. तुमच्या इमारतीची उंची आणि पंप पाणी किती उंच चढवतो ते बघून आकडे बदलतील. मूळ डिझाइनच्या कागदावरचे आकडे धरा. क्रम मात्र हाच. मोठे पंप दाब आला म्हणून आपोआप बंद होता कामा नयेत, ते माणसाने जाऊन हाताने बंद करायचे असतात. कुणी सोयीसाठी तिथेही ऑटो कटऑफ लावला असेल तर काढायला लावा.

पाहणीत टोकाचा तपासणी व्हॉल्व्ह उघडतात. तो एक हेड फुटल्याइतकंच पाणी सोडतो. फ्लो स्विच (पाणी वाहिलं की लागणारा) लागून हूटर (भोंगा) वाजायला हवा आणि मोठा पंप उठायला हवा. काही इमारतींत हूटर वाजतो, पण मोठा पंप उठत नाही, आणि मग पॅनलवर, स्विचवर, वायरिंगवर खापर फुटतं. आधी हिशेब करून बघा. साध्या हेडचा के-फॅक्टर ८० असतो: दाबाचं वर्गमूळ काढून ८० ने गुणलं की मिनिटाला किती लिटर ते कळतं. पाच किलोला ते सुमारे १८० लिटर होतं. आपल्याकडे जॉकीही सर्रास १८० लिटरचाच असतो. म्हणजे खालच्या मजल्यावर एक हेड फुटलं तर एकटा जॉकीच ते पाणी पुरवत राहतो, सुई पाचच्या आसपास लोंबकळते आणि मोठ्या पंपाला काही कळतच नाही. मोठ्या पंपाचं सेटिंग थोडं वर घ्या, किंवा जॉकीच्या डिलिव्हरीला ऑरिफिस प्लेट (लहान भोकाची चकती) टाकून त्याचा प्रवाह एका हेडपेक्षा कमी करा. जॉकी जितका लहान तितका बरा.

मुख्य ड्रेनची चाचणीही त्याच दिवशी घ्या. ड्रेन बंद असतानाचा दाब लिहा, पूर्ण उघडा, सुई स्थिरावल्यावरचा दाब लिहा. गेल्या वर्षीच्या मानाने उघड्या ड्रेनवरचा दाब दहा टक्क्यांहून जास्त घसरला असेल तर वाटेत एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे किंवा पाईप आतून भरत आलाय. गेल्या वर्षीचा आकडाच नसेल तर या वर्षीचा पंपरूमच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवा. फायली हरवतात.

हेडची पाहणी जमिनीवरून, टॉर्च मारून होते. रंगाऱ्याने छताबरोबर रंगवलेली हेड दिसली की ती बदलायचीच. थिनरने पुसून चालत नाही. हेडखाली निदान दीड फूट जागा मोकळी हवी, गोदामात खोकी छताला भिडवली की पाणी पसरत नाही. जिनिंगच्या भागात हेडवर कापसाची बोंडासारखी पुंजकी जमतात, ती हलक्या हवेने काढा. बल्बचा रंग बघा: लाल ६८ अंशांना फुटतो, पिवळा ७९ ला, हिरवा ९३ ला. नेहमीच्या सर्वाधिक तापमानापेक्षा सुमारे ३० अंश वरचा बल्ब असावा, असा साधा नियम आहे. बेसमेंटला लाल ठीक, पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली लाल बल्ब लावणं म्हणजे बिनआगीच्या पावसाला बोलावणं. सुटी हेड आणि त्यांचा खास पाना पंपरूममध्ये डब्यात हवा; तीनशेपर्यंत हेड असतील तर निदान सहा सुटी. डिझेल इंजिन आठवड्याला अर्धा तास चालवा. आपल्या उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी बघता बघता आटतं.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे ही यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. एजन्सीला नुसत्या सही-शिक्क्यासाठी बोलावू नका. ड्रेनच्या चाचणीचे दोन्ही आकडे, जॉकीच्या काउंटरचा आकडा आणि हूटर वाजायला लागलेला वेळ त्या फॉर्मच्या मागे लिहून मागा. जो लिहून द्यायला कुरकुर करेल, त्याने व्हॉल्व्ह उघडलेलाच नाही असं समजा.

आता राहिली ती अवघड गळती. सगळे झोन बंद, सगळे एनआरव्ही चांगले, तरी सुई उतरते. मग पंपरूम ते इमारत, किंवा कंपाउंडभोवतीची जमिनीखालची लाईन. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. दरवर्षी ती पायपाला ओढते आणि ढकलते, आणि त्यात रॅपिंग-कोटिंग नीट नसेल तर बाहेरून गंज असतोच. एप्रिल-मेमध्ये सगळं कंपाउंड करपलेलं असताना एका कोपऱ्यातच हरळी हिरवीगार असेल तर तिथे खणा. तसं काही दिसत नसेल तर लाईन मध्येच फ्लँजवर (बोल्टच्या जोडावर) तोडा, डमी (तोंड बंद करणारी चकती) टाका, एकेका तुकड्याला नेहमीच्या दाबाला भरून सुई बघा. जुन्या पायपाला नव्या लाईनसारखा दीडपट दाब देऊ नका, चांगले जोडही सुटतील. गळका तुकडा सापडला आणि त्यावर फरशी, पेव्हर ब्लॉक, कुणाचं दुकान आलं असेल तर खणण्याचा हट्ट सोडा. तो तुकडा दोन्ही बाजूंनी डमी करून टाका आणि नवी लाईन भिंतीवरून, सपोर्ट देऊन, उघडी न्या. पुढच्या वेळी गळली तर दिसेल तरी.